नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात उन्हाळी सायकल: निघण्याआधीचं

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, सुटे पैसे, चार्ज केलेला फोन हे सगळं घेणारच आहात. आधी खाली वाकून चाकाचा व्हॉल्व्ह बघा. बारीक, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर घ्या. नखाएवढी वस्तू, म्हणूनच घरी राहते. दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंत या रस्त्यांवरचे पंक्चरवाले मोटरसायकली आणि ट्रॅक्टर बघतात. त्यांच्या कंप्रेसरचं तोंड प्रेस्टावर बसतच नाही, अडॅप्टरवर बसतं. आणि मिनी पंपाने 80 पीएसआय दाब गाठायला उन्हात दोन-अडीचशे झटके मारावे लागतात.

अडॅप्टर प्रत्येकाने आपापला घ्यायचा. ‘त्याच्याकडे आहे’ हे चालणार नाही, कारण तो नेमका पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. सीटखालच्या सॅडलबॅगेत सुटा टाकू नका, हरवेल. व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा. हवा भरताना टोकाचा नट आधी सैल करायचा, बोटाने दाबून फुस्स आवाज येतो का बघायचं, मग अडॅप्टर बसवायचा. नट बंद राहिला तर कंप्रेसर कितीही चालवा, आत काही जात नाही. कंप्रेसरवाल्याला सांगा, ‘दादा, थोडी थोडी द्या’. 28 मिमीचं टायर क्षणात भरतं आणि फुटतंही.

पंक्चर होणारच, बाभळीचे काटे भरपूर. दोन सुट्या ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, पॅच. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडलेली असेल तर नवी घ्या, ती आतल्या आत वाळते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते राहिलं तर दुसरी ट्यूबही गेली. आणि तिसरी भरायला पुन्हा तोच अडॅप्टर. घेतला ना?

रस्ता नाशिक, ओझर, पिंपळगाव, वणी, दिंडोरी, नाशिक असा धरा, शंभर-एकशेदहा किलोमीटर. उलटा नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि पिंपळगावहून नाशिककडे तो तोंडावर येतो. पहाटे पाचला निघून हायवेचा तुकडा वारा पडलेला असतानाच संपवा, शक्य तिथे सर्व्हिस रोडने. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगीची यात्रा असते, तेव्हा वणीच्या पुढे नांदुरीकडे वळू नका. त्या रस्त्यावर माणसं आणि गाड्या, सायकलला वाट नाही.

पाणी तासाला पाऊण लिटर तरी. 750 मिलीच्या दोन बाटल्या, एक रात्री पाऊण भरून फ्रीजरमध्ये. ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतू नका. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्यावर आणखी पाणी पितात. कुणी बरळायला लागला किंवा उन्हात घाम येणं थांबलं, तर राइड तिथेच संपली: सावली, अंगावर पाणी, दवाखाना.

द्राक्षं बघायला मिळतील या आशेने येऊ नका. तोडणी जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मग बागेत उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, आणि बोटभर फुटवे. सावलीही नाही. ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने निघून जा, फवारणीच्या धुक्यातून नको.

बाकी भराभर. पॅडेड शॉर्टच्या आत चड्डी नाही. बाह्या झाकणारे स्लीव्ह, मानेवर ओला पंचा. चेनला कोरडं वंगण, ओलं धूळ धरतं. वेग सगळ्यात हळू माणसाचा. अकराच्या आत नाशिक. वाइन सायकल लावल्यावरच, पोट भरून, पाणी पिऊन. तेही गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत रिक्षाने जा. बाटली सव्वा किलोची, उन्हात तापली तर बूच वर येतं, चाकाशेजारी लटकणाऱ्या पॅनियर बॅगेत नको.

पहाटे कुलूप लावताना व्हॉल्व्हवर पुन्हा एकदा हात फिरवा. अडॅप्टर.