सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर काय करावं?

"घर तुझ्या नावावर आहे का? मग निघ." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये हे ऐकवलं जातं आणि करवीरमधल्या चौसोपी घरातही. ते खरं मानून बाई मुलांना घेऊन स्टँडवर येते. अशा बायकांबरोबर मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसले आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगते: ज्या घरात तुम्ही नांदलात, तिथं राहण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिला आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५, कलम १७. उताऱ्यावर नाव सासऱ्यांचं असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. कोर्ट म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचाही विचार करतं. त्यामुळे कधी त्याच घरात खोली मिळते, कधी दुसऱ्या जागेचं भाडं.

पहिल्या रात्री जीव सांभाळा. ११२ ला फोन करा. मारहाण झाली असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "जिन्यावरून पडले" असं सांगू नका. कुणी मारलं, कशानं मारलं, ते सांगा आणि केसपेपर जपून ठेवा. पोलीस तक्रार केलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. गुन्हा नोंदवायचा असेल तर "ही आमची हद्द नाही" या उत्तरावर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

दुसरं काम कागदांचं. इथंच बायका सगळ्यात जास्त मागे पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफकट्ट्यावरच्या पावत्या. पावत्या नसतील तर अंगावर दागिने असलेले फोटो चालतील. स्त्रीधन, म्हणजे लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने-वस्तू, तुमचंच आहे, ते परत द्यायला लावण्याचा अधिकार कोर्टाला आहे. मग नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा. आपल्याकडं ठरलेलं उत्तर असतं, "साहेब, मला पगार नाही, थोडी शेती आहे." म्हणून सातबारा आणि आठ-अ काढा. ऊस कुठल्या कारखान्याला जातो, बिल कुठल्या बँकेत जमा होतं, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल किती, इचलकरंजीत माग आहेत का, हे आठवून तारखांसकट लिहा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमच्या वहीत नोंद असेल तर त्याच्या शपथपत्रातली लपवालपवी वकिलाला दाखवता येते.

एक कळकळीची विनंती. भावकीची बैठक बसली की कोऱ्या कागदावर किंवा शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर सही करू नका. हिंदू विवाहात अशी कागदावरची फारकत, म्हणजे घटस्फोट, कोर्टात टिकत नाही. जातीच्या रूढीचा अपवाद आहे, पण तो पुराव्यानं शाबीत करावा लागतो. मात्र "मी राजीखुशीनं घर सोडलं" या एका ओळीचा त्रास तुम्हाला पुढं वर्षानुवर्षं होतो.

तिसरं, अर्ज. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ते तुमची हकीगत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात, त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात. मग त्याच हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज जातो. सासर कागलला आणि तुम्ही गडहिंग्लजला माहेरी असाल तर गडहिंग्लजच्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाला पैसे नसतील तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन करा. महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्ज केला की नवरा लगेच तुरुंगात जाईल, या भीतीनं कितीतरी जणी थांबतात. असं होत नाही. या अर्जातून संरक्षण, राहायला जागा, दरमहा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई मागता येते. मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, आणि तोवर घरभाडं, शाळेची फी भागते ती अंतरिम आदेशावरच.

आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा नोकरीत असून पैसे देत नसेल तर त्याच्या मालकाला पगारातून परस्पर रक्कम द्यायला कोर्ट सांगू शकतं. निकाल विरोधात गेला तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. त्यापुढच्या उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबईची गाडी धरावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआरसमोर सुरू झालं आहे.