शिंकु ला ओलांडून गोंबो रांगजोनकडे: नागपुरातून निघण्यापूर्वी

हिमाचलमधल्या लाहौलमधून शिंकु ला ही खिंड ओलांडून लडाखच्या झंस्कारमधल्या गोंबो रांगजोन पर्वताकडे स्वतःच्या गाडीनं जायचं असेल, तर सुरुवात रेडिएटरपासून करा. आपल्याकडे मे महिन्यात गाडी तापली की साधं पाणी ओततात आणि तेच वर्षभर आत फिरत राहतं. खिंडीच्या वाटेवरच्या दारचा गावाच्या वर सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली उतरतो. तिथं ते पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. म्हणून जुनं सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या, तेही मेकॅनिकजवळ उभं राहून. बॅटरी, ब्रेक आणि क्लच त्याच दिवशी दाखवा. मग पूर्ण सामान लादून चिखलदऱ्याचा घाट एकदा चढा-उतरा. सपाट रस्त्यांवर चालवणाऱ्याला उतारावर ब्रेक दाबून न ठेवता दुसऱ्या गिअरवर गाडी सांभाळायची सवय नसते.

जमल्यास दोन स्टेपन्या, पंक्चर किट, हवेचा पंप, टोचनाचा दोर, फावडं. टाकी लाहौलमधल्या तांडी गावी फुल करा, वर एक जेरीकॅन. 5,091 मीटरवरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. गाडी ओढत नाही आणि इंधन जास्त पिते.

माणसाचंही तेच, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. नागपूर अवघं 310 मीटरवर. 9 किलोमीटरच्या अटल बोगद्यानं मनालीहून लाहौलला इतक्या झटपट पोहोचता येतं, की शरीराला उंची कळायला वेळच मिळत नाही. लाहौलमधल्या जिस्पा गावी, 3,200 मीटरवर, दोन रात्री काढाच. खिंडीत फोटोपुरतंच थांबा, मुक्काम नको. डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, चालताना तोल जातोय, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

नाले सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. छोटा कुकर घ्या, कारण खिंडीपलीकडच्या कारग्याक गावाच्या उंचीवर पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं आणि पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. गोंबो रांगजोन बौद्धांचा पवित्र पर्वत आहे, त्याच्या पायथ्याच्या कुरणात गाडी घालू नका.

मधे बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. झंस्कारमधलं मुख्य गाव पदुम, तिथून फोन कोणत्या तारखेला येईल, ते घरच्यांना कागदावर लिहून द्या. आणि त्यानंतर एक दिवस वाट बघायला सांगा.