किड्यांचे फोटो निवडताना

पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर एक सकाळ घालवली की कार्डात किड्यांचे तीन-चारशे फोटो सहज जमतात. नवखी मंडळी त्यातले पन्नास-साठ गॅलरीत चढवून मोकळी होतात. माझ्या मते सात-आठ पुरेत. आणि ते निवडताना फोटो दिसतो कसा, यापेक्षा त्यावरून जीव ओळखता येतो का, हे आधी बघावं.

टाचणीचंच घ्या, म्हणजे चतुरासारखा दिसणारा तो बारीक अंगाचा किडा. समोरून टिपलेली, मागे धूसर हिरवळ, टपोरे डोळे. लाइक्स भरपूर मिळतात. पण सारख्या दिसणाऱ्या जातींमधला फरक बऱ्याचदा नराच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या चिमुकल्या आकड्यांत असतो आणि नेमकं तेच टोक फोकसबाहेर गेलेलं असतं. त्यापेक्षा बाजूने, कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरून काढलेला साधा फोटो ठेवा. छोट्या निळ्या फुलपाखरांचंही तसंच. उघडलेले पंख देखणे खरे, पण ओळख पटते ती बहुधा मिटलेल्या पंखांच्या खालच्या बाजूवरच्या ठिपक्यांवरून. दोन्ही मिळाले तर दोन्ही चढवा.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करा, डोळा शार्प नसेल तर सहसा डिलीट. सहसा म्हटलं, कारण मुंगी समजून काढलेल्या यथातथा फोटोत कधी कधी पाय मोजले की आठ भरतात! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मुंगीचं सोंग घेणारा तो कोळी. असा फोटो जरा हलला असला तरी ठेवायचा. मृगाचा लाल मखमली किडाही कीटक नव्हे, कोळ्यांच्या नात्यातला. कॅप्शन लिहिताना तेवढं बघा.

किडा फ्रिजमध्ये गारठवून किंवा काडीला चिकटवून काढलेले फोटो मात्र कितीही सुंदर असोत, नकोतच. दंव बाटलीने फवारलेलं असेल तर निदान तसं लिहा.

तारीख आणि ठिकाण हवंच. पांडवलेणी, गंगापूर धरण, नांदूरमध्यमेश्वर एवढं पुरतं. टॅरंट्युला सापडला असेल तर मात्र नुसतं ‘नाशिक जिल्हा’ लिहा, कारण पाळण्यासाठी हे कोळी पकडून विकले जातात. मोबाइलचं लोकेशन सुरू असेल तर ते फोटोतच बसतं, चढवण्याआधी काढून टाका.