लेझर कम्युनिकेशनमध्ये नव्याने येताय? आधी एटॅलॉनशी ओळख करून घ्या

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून लॅबमध्ये येणाऱ्या मुलांना मायकेल्सन आणि फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर तोंडपाठ असतात. इथे प्रश्न जरा वेगळा असतो: समोरचा लेझर नेमक्या कुठल्या तरंगलांबीवर आहे, आणि उद्याही तिथेच राहील का? १५५० नॅनोमीटरजवळचा डीएफबी लेझर (एकाच तरंगलांबीवर चालणारा सेमीकंडक्टर लेझर) एक अंशाने तापला की साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे सुमारे १२ गिगाहर्ट्झ. चॅनेल म्हणजे प्रत्येक लेझरला नेमून दिलेली वारंवारता; दोन चॅनेलमधलं अंतर ५० गिगाहर्ट्झ असेल, तर चारेक अंशांत तो शेजारच्या चॅनेलवर पोचतो.

म्हणून थोडा प्रकाश वेगळा काढून एटॅलॉनमधून फोटोडायोडवर टाकतात. एटॅलॉन म्हणजे फॅब्री-पेरोच, दोन समांतर परावर्तक पृष्ठभागांचा; समान अंतरावरच्या ठराविक वारंवारताच त्यातून सहज पार होतात. फ्यूज्ड सिलिकाची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची चकती दर १०० गिगाहर्ट्झला एक शिखर देते, जाडी दुप्पट केली की दर ५० ला. लॉक करायचं, म्हणजे लेझरला एका जागी धरून ठेवायचं, ते शिखराच्या उतारावर. शिखरावर लेझर कुठल्याही बाजूला सरकला तरी सिग्नल कमीच होतो, दिशा कळत नाही. शिवाय दुसरा फोटोडायोड एटॅलॉनला वगळून थेट प्रकाश मोजत असतो आणि लॉक दोघांच्या गुणोत्तरावर चालतो. नाहीतर पॉवर घटली, तरी सर्किट तरंगलांबी सरकली असं समजून लेझर हलवायला लागतं.

एवढं सगळे शिकतात. पुढचं मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एटॅलॉन ही आकडे न छापलेली फूटपट्टी आहे. रेघा समान अंतरावर असतात, पण आपण कितव्या रेघेवर आहोत हे ती सांगत नाही. लॉक पक्का आणि चॅनेल चुकीचा, असं अगदी सहज होतं. ते ओळखायला वेव्हमीटर (तरंगलांबी थेट मोजणारं उपकरण) हवा, किंवा निदान त्या लेझरचा तापमान-करंटचा तक्ता. त्यात सिलिकाचा एटॅलॉन स्वतःही अंशामागे दीडेक गिगाहर्ट्झ सरकतो. पक्का आधार हवा असेल तर अ‍ॅसिटिलीन किंवा हायड्रोजन सायनाइडची गॅस सेल वापरतात. रेणूंच्या शोषणरेषा तापमानाने फारशा हलत नाहीत, पण आपल्याला हव्या तिथे असतीलच असंही नाही. त्यामुळे दोन्ही लागतात.

अवकाशातल्या लिंकमध्ये गंमत वाढते. नासाच्या २०२१ साली सोडलेल्या एलसीआरडी या लेझर-रिले प्रयोगासारख्या प्रणालीत डीपीएसके वापरतात, म्हणजे माहिती लागोपाठच्या दोन बिटांच्या फेजमधल्या फरकात असते. तो फरक ओळखायला रिसीव्हरमध्येच विलंबाचा इंटरफेरोमीटर असतो. समजा, बिटरेट २.५ गिगाबिट आहे आणि विलंब एका बिटाचा, म्हणजे ४०० पिकोसेकंद. मग फ्रिंज, म्हणजे इंटरफेरोमीटरच्या आउटपुटमधला चढउतार, दर २.५ गिगाहर्ट्झला पुन्हा येते. पृथ्वीजवळच्या कक्षेतलं यान सेकंदाला ७ किलोमीटर वेगाने जवळ येत असेल, तर नुसत्या डॉप्लरनेच वारंवारता ४.५ गिगाहर्ट्झ सरकते. अर्धी फ्रिंज चुकली की सगळे बिट उलटे. पूर्ण फ्रिंज चुकली तर इंटरफेरोमीटरला फरक पडत नाही, रिसीव्हरमधला अरुंद ऑप्टिकल फिल्टर मात्र सिग्नल अडवू शकतो.

हे शिकायला महागडी उपकरणं लागत नाहीत. तापमान नियंत्रकाचा पीआयडी (चूक बघून दुरुस्ती करणारा फीडबॅक) हाताने ट्यून करा, आणि फायबरचा कनेक्टर जोडण्याआधी प्रत्येक वेळी मायक्रोस्कोपखाली बघा. मळलेल्या दोन टोकांमधून परावर्तन झालं की तिथे नको असलेला इंटरफेरोमीटर तयार होतो, आणि त्याचे तरंग तुमच्या लॉकच्या सिग्नलवर चढतात. मुलाखतीत मी बहुधा एवढंच विचारतो: लॉक लागलाय, आता चॅनेल बरोबर आहे हे कसं दाखवाल?