उबुंटूवर सी चा पहिला प्रोग्रॅम: कंपायलर बसवा, चूक वाचायला शिका

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीतली तीन-चार मुलं रविवारी सकाळी जुने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे सी शिकायला येतात. त्यांवर उबुंटू (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलेलं असतं, गाडी अडते ती त्यापुढे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

आधी कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ द्या. पासवर्ड टाइप करताना बहुधा काहीच दिसत नाही. घाबरू नका, एंटर दाबा. या एकाच पॅकेजमधून जीसीसी (आपला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा कंपायलर), मेक (अनेक फाइली कंपाइल करायला मदत करणारं साधन) आणि सी ची हेडर्स (तयार फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइली) येतात. जीसीसी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केला आणि तो आजही सर्वांना मोफत आहे.

प्रोग्रॅम ‘बेरीज.सी’ नावाने सेव्ह करून त्याच फोल्डरमधून ‘जीसीसी -वॉल बेरीज.सी -ओ बेरीज’ द्या. ‘-वॉल’मधला डब्ल्यू मात्र मोठा. तो इशारे दाखवतो, म्हणून पहिल्या दिवसापासून लावाच. चालवताना ‘./बेरीज’ लिहा. टिंब आणि तिरकी रेघ विसरलात तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल, कारण शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही.

आता खरं महत्त्वाचं. वीस चुका दिसल्या तरी फक्त पहिली वाचा. फाइलचं नाव, विसर्गचिन्ह, ओळीचा क्रमांक असा तिचा पत्ता असतो. ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर चूक थेट फाइलच्या शेवटी दाखवली जाते.

मागच्या रविवारी एका मुलीने वर्गमुळाचा प्रोग्रॅम केला. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ आलं आणि ती अर्धा तास अर्धविराम शोधत बसली. कोड बरोबर होता! ही तक्रार कंपायलरची नाही, लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) जोडणाऱ्या प्रोग्रॅमची. फंक्शनचं नाव ओळखीचं आहे, पण ते ज्या गणिताच्या लायब्ररीत आहे ती जोडलेली नाही. आज्ञेच्या अगदी शेवटी ‘-एलएम’ लावलं आणि काम झालं. फाइलच्या नावाआधी लावलं असतं तर तीच चूक पुन्हा आली असती.

फाइली दोन-तीन झाल्या की मेक वापरा. मेकफाइलमध्ये (मेकसाठी आज्ञा लिहून ठेवायच्या फाइलमध्ये) आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा. स्पेस दिल्यात तर ‘मिसिंग सेपरेटर’ येतं. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून ती ओळ पुसून टॅब देऊन नव्याने लिहा.