कशाच्या आधाराने काय आहे? ग्रीक मेटाफिजिक्स वाचायला घेणाऱ्यांसाठी

बी.ए.च्या वर्गात ग्रीक मेटाफिजिक्स, म्हणजे जे आहे त्याच्या मूळ स्वरूपाचा विचार, बहुतेकांना यादीच्या रूपात भेटतं. थेलीसचं पाणी, डिमॉक्रिटसचे अणू, प्लेटोचे फॉर्म, ॲरिस्टॉटलचं द्रव्य. कोणी कशाला मूळ मानलं ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या पेपरकडे वळायचं. मी हा विषय आधी शिकलो आणि आता शिकवतो. या यादीखाली एक जिवंत प्रश्न आहे आणि तो हाती लागला की सगळे ग्रंथ एकमेकांशी बोलायला लागतात, हे मला नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं.

तो प्रश्न 'काय काय अस्तित्वात आहे?' हा नाही. माणसं आहेत, रंग आहेत, संख्या आहेत, 'घोडा' ही जातही आहे, असं म्हणायला ॲरिस्टॉटलची काहीच हरकत नाही. तो विचारतो, यातलं स्वतःच्या बळावर काय आहे आणि दुसऱ्याच्या आधाराने काय आहे? मूळ काय, आश्रित काय? आणि 'आश्रित' म्हणजे नेमकं कोणत्या अर्थाने आश्रित? हा तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नवा विद्यार्थी नेमका तिथेच घाई करतो.

सुरुवात ॲरिस्टॉटलच्या 'कॅटेगरीज'पासून करा. त्याचाच 'मेटाफिजिक्स' हा ग्रंथ थेट उघडू नका. नावामुळे मोह होतो, पण ती चौदा पुस्तकं एका सलग ग्रंथाचे अध्याय म्हणून लिहिलेली नाहीत आणि सातवं पुस्तक, ज्याला झीटा म्हणतात, ते भल्याभल्यांना दमवतं. 'कॅटेगरीज' छोटा आहे. त्याचं दुसरं, पाचवं आणि बारावं प्रकरण एवढंच पहिल्या महिन्यात वाचलं तरी पुरे. जे. एल. ॲक्रिल यांचा 1963 चा अनुवाद आणि त्यावरच्या त्यांच्या टिपा मिळाल्या तर उत्तम. ग्रंथालयात नसेल तर जुने अनुवाद इंटरनेटवर फुकट आहेत.

एक तांत्रिक गोष्ट लगेच शिकून घ्या. ॲरिस्टॉटलचा संदर्भ पान क्रमांकाने देत नाहीत, बेकर क्रमांकाने देतात. इमॅन्युएल बेकर यांच्या बर्लिनच्या 1831 च्या आवृत्तीतलं पान, स्तंभ आणि ओळ. प्लेटोसाठी तसेच स्टेफानस क्रमांक, 1578 च्या आवृत्तीवरून आलेले. कुठल्याही भाषेतल्या चांगल्या अनुवादात हे क्रमांक समासात असतात, त्यामुळे तुमची प्रत आणि शिक्षकांची प्रत वेगळी असली तरी अडत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'कॅटेगरीज'च्या दुसऱ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल दोन नाती वेगळी करतो. 'माणूस' ही जात सॉक्रेटिसबद्दल सांगितली जाते. सॉक्रेटिसचा गोरेपणा सॉक्रेटिसमध्ये असतो. 'मध्ये असणं' म्हणजे काय, तेही तो सांगतो: जे एखाद्या गोष्टीत असतं पण तिचा भाग म्हणून नव्हे, आणि जे तिच्यापासून वेगळं राहू शकत नाही. हात शरीराचा भाग आहे, गोरेपणा तसा भाग नाही. आणि तो शरीर सोडून हवेत तरंगू शकत नाही. मग पाचव्या प्रकरणात येतं ते प्रसिद्ध विधान: प्राथमिक द्रव्यं, म्हणजे हा माणूस, हा घोडा, नसतील तर बाकी काहीच असणं शक्य नाही. बाकी सगळं एक तर त्यांच्याबद्दल सांगितलं जातं किंवा त्यांच्यात असतं.

हे वाचून 'समजलं' असं वाटतं. इथेच थांबा आणि वहीत एक शंका लिहा. गोरेपणा सॉक्रेटिसशिवाय राहू शकत नाही, हे ठीक. पण सॉक्रेटिस तरी कुठल्याच रंगाशिवाय, उंचीशिवाय, वजनाशिवाय राहू शकतो का? नाही. मग तोही रंगावर अवलंबून झाला की! 'याच्याशिवाय ते राहत नाही' एवढीच कसोटी असेल, तर आधार आणि आश्रित यांतला फरकच पुसला जातो.

या एका शंकेवर मी विद्यार्थ्यांना आठवडाभर थांबवतो, कारण पुढचं सगळं इथून उलगडतं. पहिलं उत्तर सुचतं ते असं: सॉक्रेटिसला हाच रंग लागत नाही, कुठलातरी रंग लागतो. तो उन्हाने काळवंडला तरी सॉक्रेटिसच राहतो. पण हा गोरेपणा मात्र त्याच्याचकडे बांधलेला आहे. हे उत्तर चालतं, पण त्यासाठी 'हा गोरेपणा' म्हणजे फक्त सॉक्रेटिसचा, दुसऱ्या कुणाचा होऊच न शकणारा गोरेपणा, असं धरावं लागतं. ॲक्रिल यांनी तसंच वाचलं. जी. ई. एल. ओवेन यांनी 1965 मध्ये त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते ॲरिस्टॉटलला ठरावीक छटा अभिप्रेत आहे, जी अनेक शरीरांत असू शकते. अशा एका गुलाबी छटेला त्यांनी 'विंक' असं नावही दिलं. हा वाद आजही मिटलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो जरूर वाचावा. ग्रीकच्या एका ओळीवर किती बारकाईने विचार करता येतो, याचा तो उत्तम नमुना आहे.

दुसरं उत्तर मला जास्त खोल वाटतं, आणि त्याची वाट बाराव्या प्रकरणातून जाते. तिथे ॲरिस्टॉटल 'आधीचं' या शब्दाचे अर्थ मोजतो: काळाने आधीचं; दोन असतील तर एक असतोच पण उलट नाही, या अर्थाने आधीचं; क्रमाने; प्रतिष्ठेने. आणि मग तो पाचवा अर्थ घालतो. एक माणूस आहे आणि 'तो माणूस आहे' हे विधान खरं आहे, या दोन गोष्टी कायम जोडीने येतात. एक असेल तर दुसरी असतेच. तरीही माणूस असणं हे विधान खरं असण्याचं कारण आहे. विधान खरं असणं हे माणूस असण्याचं कारण नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकांशिवाय नसतात, आणि तरीही आधार एकाच दिशेने जातो. हे तीन-चार वाक्यांचं उदाहरण माझ्या मते अख्ख्या विषयाची किल्ली आहे. 'शिवाय' आणि 'मुळे' या वेगळ्या गोष्टी आहेत.

हीच हालचाल प्लेटोत आधीच दिसते. 'युथिफ्रो' हा संवाद एका संध्याकाळी वाचून होतो. पवित्र गोष्ट देवांना प्रिय असते म्हणून पवित्र असते, की पवित्र असते म्हणून देवांना प्रिय असते? पवित्र आणि देवप्रिय या गोष्टी तंतोतंत जोडीने आल्या तरी प्रश्न उरतोच. 'फीडो'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की सुंदर गोष्टी सुंदर आहेत त्या सौंदर्यामुळे, म्हणजे सौंदर्याच्या फॉर्ममुळे, त्या मूळ आदर्श रूपामुळे. इथेही आधाराचाच बाण आहे, फक्त त्याची दिशा बघा: प्लेटोत ही सुंदर वस्तू फॉर्मवर अवलंबून, तर 'कॅटेगरीज'मध्ये 'माणूस' ही जात या माणसावर अवलंबून. गुरू आणि शिष्य यांच्यात बाणच उलटा झाला.

आणि गंमत इथे संपत नाही. 'मेटाफिजिक्स'च्या झीटा पुस्तकात ॲरिस्टॉटल पुन्हा विचारतो की द्रव्य म्हणजे काय, आणि आता तो फॉर्मला प्राथमिक द्रव्य म्हणतो. पण हा फॉर्म प्लेटोसारखा दूर कुठे नाही, तो याच माणसात आहे. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातलं अक्षरांचं उदाहरण नीट वाचा. 'बा' हे अक्षरयुग्म म्हणजे नुसतं 'ब' आणि 'आ' नव्हे. ते वेगळे केले की युग्म राहत नाही, वर्ण मात्र राहतात. म्हणजे आणखी काहीतरी आहे, ते स्वतः एक वर्ण नाही, आणि त्याच्यामुळेच ते युग्म आहे. व्यक्ती मूळ, की व्यक्तीला व्यक्ती बनवणारं तत्त्व मूळ? विद्यार्थी इथे विचारतात, 'सर, मग त्याचं खरं मत कोणतं?' वेर्नर येगर यांनी 1923 मध्ये ॲरिस्टॉटलच्या विचारात टप्पे होते अशी मांडणी केली, आणि तेव्हापासून 'त्याचं मत बदललं' हे सोपं उत्तर तयार असतं. माझा सल्ला आहे की ते उत्तर लगेच घेऊ नका. आधी बघा, की 'कॅटेगरीज'मध्ये अस्तित्वाचा आधार विचारलाय आणि झीटामध्ये 'हे जे आहे ते तेच का आहे' याचं कारण विचारलंय, असं वाचता येतं का. निदान एक सत्र त्यावर घालवा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इथे एक फायदा आहे. भारतीय दर्शनाच्या पेपरला तुम्ही अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, न्याय-वैशेषिक दर्शनाची ती छोटी प्रवेशिका, वाचलेला असतो. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, समवाय हे शब्द अंगवळणी पडलेले असतात. ते वापरा, पण 'म्हणजे आपल्या वैशेषिकांसारखंच' असं म्हणून पुढे सरकू नका. अन्नंभट्टाच्या व्याख्येत सामान्य, म्हणजे जात, नित्य आहे: नित्यमेकमनेकानुगतम्, म्हणजे नित्य, एक आणि अनेकांत असणारं. एखादी गाय मेली म्हणून गोत्वाला धक्का लागत नाही. 'कॅटेगरीज'मध्ये मात्र प्राथमिक द्रव्यं गेली की जातीही गेल्या. आणि वर जी शंका लिहायला सांगितली, तिला न्याय-वैशेषिकांनी किती धीट उत्तर दिलंय: उत्पन्न झालेलं द्रव्य पहिल्या क्षणी निर्गुण असतं, कारण ते स्वतःच आपल्या गुणांचं समवायी कारण आहे, म्हणजे गुण ज्यात राहतात ते कारण आहे, आणि कारण कार्याच्या आधी हवं. ॲरिस्टॉटल त्या वाटेने जात नाही. ही तुलना नीट केली तर तो एक चांगला प्रबंधिकेचा विषय होतो.

वाचताना मी एकच पद्धत वापरतो आणि तीच सुचवतो. समासात बाण काढायचा: काय कशावर अवलंबून. बाणाशेजारी लिहायचं: अस्तित्वासाठी, व्याख्येसाठी की कारण म्हणून. 'मेटाफिजिक्स'च्या गॅमा पुस्तकात 'आरोग्यदायी' हा शब्द औषधाला, रंगरूपाला, व्यायामाला लागतो तो आरोग्याच्या संदर्भाने. तसंच 'असणं' हे द्रव्याच्या संदर्भाने. तिथला बाण व्याख्येचा. त्याच ग्रंथाच्या लॅम्डा पुस्तकात आकाश आणि निसर्ग स्वतः न हलणाऱ्या आद्य चालकावर अवलंबून आहेत. तिथला बाण कारणाचा. ॲरिस्टॉटलनंतरच्या स्टोइक पंथाकडे गेलात तर चित्रच पालटतं. त्यांच्या मते खऱ्या अर्थाने अस्तित्व फक्त शरीरांना. काळ, स्थळ, पोकळी आणि वाक्यार्थ या चार अशरीरी गोष्टी 'काहीतरी' आहेत, पण अस्तित्वात आहेत असं ते म्हणत नाहीत. प्लेटोच्या परंपरेतल्या प्लोटायनसकडे 'एक' या मूळ तत्त्वापासून बुद्धी, बुद्धीपासून आत्मा अशी उतरंड आहे. त्याला दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

नोकरी आणि परीक्षांबद्दल थोडं. नेट आणि सेटच्या अभ्यासक्रमात प्राचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आहे, आणि यूपीएससीच्या तत्त्वज्ञान या वैकल्पिक विषयाचा पहिला पेपर प्लेटो आणि ॲरिस्टॉटलपासूनच सुरू होतो: आयडिया (म्हणजेच प्लेटोचे फॉर्म), द्रव्य, फॉर्म आणि मॅटर, कारण. उत्तर लिहिताना 'ॲरिस्टॉटलने प्लेटोवर टीका केली' एवढ्यावर थांबू नका. कोणता बाण उलटला आणि कोणत्या अर्थाने, हे दोन वाक्यांत लिहिलंत तर उत्तर वेगळं दिसतं.

संशोधनाकडे जायचं असेल तर ग्रीक शिकायला एम.ए.च्या पहिल्या वर्षीच सुरुवात करा, पीएच.डी.ची नोंदणी होईपर्यंत थांबू नका. संस्कृत येत असेल तर विभक्ती आणि धातुरूपांची भीती वाटत नाही, ही फार मोठी शिदोरी आहे. मूळ मजकूर पर्सियस या संकेतस्थळावर शब्दार्थांसह मोफत मिळतो. विषय जुना म्हणून संपलेला नाही. 1990 च्या दशकात किट फाइन यांनी अवलंबित्वाची चर्चा 'शिवाय'वरून हलवून एखादी गोष्ट मुळात काय आहे याकडे नेली, आणि 2009 मध्ये जोनाथन शाफर यांनी मेटाफिजिक्सने 'काय आहे' यापेक्षा 'कशाच्या आधाराने काय आहे' हे विचारावं, असं ॲरिस्टॉटलचं नाव घेऊन मांडलं. हे लेख 'कॅटेगरीज'चं बारावं प्रकरण झाल्यावर वाचा, आधी नाही. दोघा-तिघांचा गट करून मोठ्याने वाचलंत तर अजून बरं. ॲरिस्टॉटलच्या वाक्यात 'ते' कशाला उद्देशून आहे यावर भांडायला समोर कुणीतरी लागतं.