दुकानाबद्दल अफवा उठली? मग निदान या चुका टाळा

दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानासमोर अन्न व औषध प्रशासनाची गाडी थांबते. अधिकारी खव्याचे, पेढ्यांचे नमुने घेतात, त्यांचे पैसे चुकते करतात, बरण्यांना सील लावतात, मालकाची सही घेतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. सणासुदीच्या तोंडावर हे नेहमीचेच. पण समोरच्या टपरीवरून कुणीतरी गाडीचा फोटो काढलेला असतो आणि दुपारपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो: ‘अमक्याकडे धाड पडली, खवा भेसळीचा निघाला.’ संध्याकाळी ऑर्डरी रद्द व्हायला लागतात. अहवाल तर अजून यायचाच असतो. कायद्याने अन्न विश्लेषकाला त्यासाठी 14 दिवस दिलेत, आणि तेवढ्यात दिवाळी होऊन जाते.

मालकाला राग येतो, आणि तो रास्तच आहे. पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्याला कुणी एका ओळीत बेइमान ठरवले तर जिवाला लागणारच. पण पहिल्या दोन दिवसांत रागाच्या भरात जे केले जाते, त्यानेच अफवेला आणखी पाय फुटतात. उदाहरण मिठाईचे घेतले आहे. खानावळ, डेअरी, चिकनचे दुकान, घरगुती मसाले, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच घडते.

आधी ‘कोणी केले’ ते शोधत बसणे

पहिला संशय जातो तो पलीकडच्या दुकानदारावर. मग त्याच्या नावाने बोलणे सुरू होते, ते त्याच्या कानावर जाते, आणि एका अफवेची दोन दुकानांची भांडणे होतात. गावाला तेवढेच चघळायला मिळते. गिऱ्हाईकाला मात्र कोणी सांगितले याच्याशी देणेघेणे नसते. हा पेढा पोराला द्यावा की नाही, एवढेच त्याला कळायला हवे असते.

म्हणून पहिला दिवस स्वतःच्या कारखान्यात घालवा. खवा कोणाकडून आला, बिल आहे का, फ्रीजचे तापमान ठीक आहे का, कारागिराने कालचा माल आजच्या ट्रेमध्ये मिसळला का, परवान्याची मुदत संपली नाही ना, हे सगळे तपासा. अफवेत खरेपणाचा एखादा कण असेल तर तो आधी तुम्हाला कळला पाहिजे. ‘नकली पनीर’च्या गोष्टी अनेकदा अशाच उठतात: वनस्पती तेलापासून केलेले ॲनालॉग पनीर विकायला बंदी नाही, पण ते तसे सांगून विकावे लागते. व्यापाऱ्याने तुमच्या गळ्यात तेच मारले असेल, तर तुम्ही छातीठोकपणे ‘आमचे पनीर शुद्ध’ म्हणणे तुमच्याच अंगाशी येईल. चूक सापडली तर माल बाजूला काढा आणि तसे स्पष्ट सांगा.

नमुने घेतले जात असतील तेव्हाच एक गोष्ट मागून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यानुसार नमुन्याचे चार भाग होतात आणि तुम्ही विनंती केलीत तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. हा हक्क पुष्कळ दुकानदार वापरतच नाहीत. सही करण्याआधी, लेखी विनंती करा.

‘आमच्याकडे भेसळ होत नाही’ अशी पाटी लावणे

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ज्यांनी अफवा ऐकलीच नव्हती, त्यांनाही तुमची पाटी ती वाचून दाखवते. आणि ‘भेसळ’ आणि तुमच्या दुकानाचे नाव ही जोडी रोज डोळ्यांसमोर आली की ती डोक्यात पक्की होते.

1978 च्या सुमारास अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमध्ये गांडुळे घालतात अशी अफवा उठली होती. त्या अफवेवर तिथल्या अभ्यासकांनी प्रयोग केले, ते 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की नुसता इन्कार ऐकून लोकांचे मन फारसे पालटत नाही. त्याच दुकानाबद्दल दुसरे काहीतरी चांगले आठवायला लावले तर पालटते. मला हे आपल्याकडच्या दुकानदारीला तंतोतंत लागू वाटते.

तेव्हा पाटी लावाच, पण वेगळी: ‘आजचा खवा सकाळी 6 वाजता आला. पेढे आज केले. 4 दिवसांत संपवा.’ सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावे’ ही तारीख लावण्याचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे, आणि कित्येक दुकाने तो पाळत नाहीत. तुम्ही पाळलात तर तेवढ्यानेच उठून दिसाल. बिलावर 14 अंकी परवाना क्रमांक 2022 पासून सक्तीचा आहे. तो ठळक छापा.

आणि शक्य असेल तर करून दाखवा. खव्याचा छोटा तुकडा थोड्या पाण्यात उकळायचा, गार करायचा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. पिठूळ भेसळ असेल तर रंग निळा होतो, नसेल तर होत नाही. काउंटरवर काचेच्या पेल्यात हे रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी करा. पाहणारे चार जण घरी जाऊन सांगतील. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगा की यात फक्त स्टार्च कळतो, वनस्पती तूप कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि तो आला की फ्रेम करून गल्ल्यामागे टांगा. तपासणीचा नमुना मात्र कुणाला खायला देऊ नका.

भाव पाडणे

विक्री घसरली की हात आपोआप सवलतीकडे जातो. एकट्या दुकानाने अफवेच्या दिवसांत भाव पाडला की लोक म्हणतात, माल खपवतोय. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा होती आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांवर मातीमोल भावाने पक्षी विकायची वेळ आली, तरी गिऱ्हाईक फिरकेना. त्याच दिवसांत हैदराबादला मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले, गोरखपूरला पोल्ट्रीवाल्यांनी एकत्र येऊन 30 रुपयांत प्लेट देणारा मेळा भरवला आणि तिथे गर्दी लोटली. तिथे स्वस्ताईबरोबर शेकडो माणसे एकमेकांसमोर खात होती. भाव पाडण्यापेक्षा चव द्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावून भट्टी दाखवा.

ग्रुपवर भांडणे, आणि पोलिसांच्या धमक्या देणे

ग्रुपवर एकदाच, चार ओळींत लिहा: नमुने घेतले, अहवाल अमुक तारखेपर्यंत येईल, तोवर कुणालाही कारखाना बघायला यायचे असेल तर या. पुढे उत्तर-प्रत्युत्तर नाही. पण मेसेज पुसला जाण्याआधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा आणि मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन सांभाळा. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

‘66 अ लावतो’ असे आजही ऐकू येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केले. ॲडमिनला धरण्यातही अर्थ नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, पण तो अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील आणि तक्रार तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांकडे न्यावी लागेल. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वर्षभरात लावावा लागतो. मुद्दाम, पुन्हा पुन्हा बदनामी करणाऱ्यासाठी वकिलाकडे जाच. ‘पेढा आंबट लागला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवू नका.

गल्ल्यावरच्या पोराला काही न सांगणे

मालक ग्रुपवर लिहीत असतो आणि इकडे काउंटरवर कुणी विचारले तर पोरगा खाली मान घालून ‘मला माहीत नाही’ म्हणतो. गिऱ्हाईक तेच घेऊन बाहेर पडते. कारागीर, डिलिव्हरीवाला, घरची माणसे, सगळ्यांना बसवून खरे काय ते सांगा आणि एकच वाक्य ठरवून द्या. खव्याच्या व्यापाऱ्याला आणि लग्नाच्या ऑर्डरी देणाऱ्या केटररला फोन तुम्ही स्वतः करा. त्यांना बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

मध्यंतरी यायचे थांबलेले गिऱ्हाईक परत आले, तर इतके दिवस कुठे होता असे विचारू नका. नेहमीचा पाव किलो बांधा आणि ट्रेवरची तारीख दाखवा.